कनवटीची बाटली

अक्का, एरंडोल सुटलं त्या दिवशी माझ्या पोटावर ओलं फडकं होतं आणि बैलगाडीच्या प्रत्येक धक्क्याला मी ओठ चावत होते. आदल्या दिवशी सासूनं चुलीत विळा तापवून माझ्या बेंबीभोवती डाग दिले होते. मूल होत नाही ना, मग पोट भाजायचं, म्हणजे कूस उघडते म्हणे. दोघी जावांनी माझे हात धरले. नवरा बाहेर ओट्यावर विडी ओढत बसला होता. मी किंचाळले तेव्हा त्यानं फक्त दार ओढून घेतलं. "तुन्हामाच खोट शे," सासू म्हणाली आणि विळा पाण्यात बुडवला. तो चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

आबा न्यायला आले ते भांडले नाहीत की रडले नाहीत. म्हसावद स्टेशनावर त्यांनी मला मुंबईच्या गाडीत बसवलं आणि एवढंच म्हणाले, "जाय माय. मांगे वळीसन देखू नको." मी पाहिलंच. आपल्या बापानं जनावराला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी स्टेशनाबाहेर ते पराणीनं बैलांना झोडत होते आणि बैल मुकाट मार खात होते.

मुंबईत एका बायकांच्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले, पुढे नर्स झाले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई, पण हात देवाचा. मूल का होत नाही, यावर त्यांचं संशोधन चाले. वर्षानुवर्षं बायकांनाच तपासून थकल्यावर त्या नवऱ्यांचं बीज दुर्बिणीखाली बघायला लागल्या आणि कितीतरी घरांत खोट तिथेच निघाली. हे त्यांनी डॉक्टरांच्या सभेत सांगितलं तेव्हा मोठमोठे डॉक्टर हसले. मग बाईंनी नियमच केला: आधी नवरा तपासायचा, त्याशिवाय बायकोला हात लावायचा नाही.

पुरुष काही दवाखान्यात येईनात. तेव्हा बीजाची बाटली त्यांच्या घरून आणायचं काम माझ्याकडे आलं. ती थंड पडली तर आतलं जिवंत बीजही मलूल होतं, म्हणून अंगाच्या उबेत आणावी लागे. मी ती कनवटीला खोचायची. पहिल्यांदा काच त्या डागांना टेकली तेव्हा मी ट्राममध्ये एवढी हसले, की शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. निकाल सांगायलाही मीच जाई. एका कापडवाल्यानं मला जिन्यावरून ढकललं, दुसऱ्यानं छत्रीच्या दांड्यानं पुढचा दात पाडला. राग त्यांना बीजाचा नव्हता, ते आम्ही पाहिलं याचा होता.

मग तू आलीस, अक्का, आणि सांगितलंस की माझ्या नवऱ्यानं दुसरी केली आहे, यमुना, कोवळी पोर, तिलाही दिवस जात नाहीत, आणि आखाजीचा सण झाला की तिलाही डाग देणार आहेत. मी बाईंच्या पायाशी बसून ते सगळं ओकले. बाईंनी दुर्बिणीची पेटी बांधली.

एरंडोलच्या धर्मशाळेत आबांनी पंच बोलावले. सगळ्यांसमोर मी नवऱ्याला म्हणाले, "बाटली दे. खोट तुझ्यात नाही निघाली तर मी परत येते, मरेपर्यंत तुझी खरकटी भांडी घासते." तो खदखदून हसला. त्याला स्वतःबद्दल जरासुद्धा शंका नव्हती.

बाटली घेऊन मी त्याच्या घरून निघाले. वाटेत आड लागतो, तुला ठाऊक आहे. घटकाभर ती गार पाण्यात धरली असती तर निकाल माझ्या हातात होता. यमुना वाचली असती, मी वाचले असते, कुणाला कळलंही नसतं. मी आडाशी थांबले, अक्का. पण मग बाईंचं सगळं काम खोटं पडलं असतं आणि सासूच्या विळ्यात नि माझ्यात फरक तो काय उरला असता? मी बाटली डागांवर घट्ट दाबली, वरून दोन्ही हात धरले आणि त्याचं बीज जिवंत असेल तर जिवंत पोचावं म्हणून धावत सुटले.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग पंचांना एकेकाला डोळा लावायला सांगितलं. "जिवंत असतं तर वळवळताना दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "इथे काहीच नाही." शेवटच्या म्हाताऱ्या पंचानं डोळा काढला आणि नवऱ्याकडे न बघता पागोटं नीट केलं.

नवऱ्यानं पेटीच उचलून माझ्या डोक्यात घातली. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी मला दिसलं, तो दाराशी उभ्या यमुनाकडे धावला आणि तिचे केस धरून तिला उंबऱ्यावर आपटायला लागला. पंच उठलेसुद्धा नाहीत. उठले ते आबा. त्यांनी पराणी त्याच्या मनगटावर अशी हाणली, की हाड मोडल्याचा आवाज झाला. "सोड तिले," आबा म्हणाले, "नईतं दुसरा हात भी जाई."

त्याच दिवशी आबांच्या त्याच बैलगाडीतून यमुना माझ्याबरोबर म्हसावदला आली आणि तिथून मुंबईला.

बाईंचे निबंध आता विलायतेतही वाचतात म्हणे. ते मला वाचता येत नाहीत. पण तू सांगत होतीस, आपल्याकडे सासवा विळा काढायला लागल्या की एखादी सून म्हणते, "पहिले बाटली लई ये," आणि मारही खाते. मार खाते हे ऐकून माझं रक्त अजून उकळतं.

यमुना आता पुण्याला नर्स आहे. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, तशी ती माझ्या परळच्या खोलीत येते. मी सांजोऱ्या करते, आढ्याला झोका बांधते. ती मला अक्का म्हणते, तुला म्हणते मी तसंच. माझी सवत, अक्का. ती जिना चढून आली की मी तिला दारातच थांबवते, भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि मग आत घेते.