मादी कुरणात जाईल

लाव्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले की ते नर आहे की मादी, हे कोणालाही सांगता येत नाही. सगळ्यांची लव सारखीच, मातकट आणि पट्टेदार. पुढे छातीला पिसे फुटतात, तेव्हाही अनोळखी नजर फसते. गडद पिल्लू नर असावे असे वाटते, आणि तसे असतेच असे नाही. सारजाबाई पारधीण पिल्लू तळहातावर उताणे धरी आणि त्याच्या छातीवर हलकेच फुंकर घाली. वरची पिसे दुभंगली की मुळाशी नव्या पिसांची टोके दिसत. ती काळी असली तर नर, फिकट असली तर मादी. ही रीत तिला आईकडून मिळाली होती आणि तिच्याबरोबर एक नेमही: नर विकावा, मादी ज्या कुरणातून आली त्याच कुरणात सोडावी. पुढल्या साली फास लावायला कुरणात लावे हवेत, एवढेच त्या नेमामागचे कारण. ते तिला पुरेसे होते.

नळदुर्गच्या अलीकडे एका जहागीरदाराची गढी होती. निजामी अमलाच्या त्या अखेरच्या वर्षांत दर भादव्यात गवत कापणारे कुरणातून पिल्ले धरून आणत, गढीत ती राळ्याच्या दाण्यांवर वाढत, आणि निवडीसाठी सारजाबाईला वेठीला बोलावणे येई. मोबदला म्हणून दुपारची भाकरी, तीही उरली तर. नर झुंजीच्या शौकीन पाहुण्यांकडे जात. माद्या कुरणात सोडतो, असा शब्द कारभारी राघवेंद्ररावांनी दिला होता, आणि तिने तो खरा मानला होता.

एका साली निवड आटोपून भाकरी खाल्ल्यावर ती मुदपाकखान्यामागे हात धुवायला गेली. मोरीच्या तोंडाशी ओली पिसे अडकली होती. फिकट, तीळ शिंपडावेत तशा ठिपक्यांची. त्यांत काळे एकही नव्हते. तिने मूठभर पिसे उचलून पदराच्या गाठीत बांधली आणि पालावर परतली.

नवऱ्याने पिसे पाहिली. "गढीशी वाकडं घेऊन पाल कुठं टाकायचं?"

"पाल कुठंबी पडंल. कुरणात लावंच न्हाय उरलं, तर पालात बसून खायाचं काय?"

पुढल्या भादव्यात बोलावणे आले, तेव्हा ती गाठ पदरातच होती. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. सारजाबाई सोप्यात बसली नाही. पिल्लांचे डालगे उचलून ती थेट तटाच्या बुटक्या भिंतीवर जाऊन बसली. भिंतीपलीकडे कुरण सुरू होत होते.

"सारजे, उन्हात कशाला? इकडं ये," राघवेंद्रराव म्हणाले.

"हितं उजेड बरा हाय, मालक."

पहिल्या पिल्लावर तिने फुंकर घातली. काळे. ते तिने रिकाम्या टोपलीत ठेवले. दुसरे फिकट निघाले. तिने हात भिंतीपलीकडे नेला आणि मूठ उघडली. पिल्लू फडफडत गवतात उतरले आणि दिसेनासे झाले.

राघवेंद्रराव उठून जवळ आले. "हातातून सुटलं का?"

"न्हाय. मादी हुती."

"मादी दुसऱ्या डालग्यात टाकायची. दर साली टाकतेस की."

"दर साली तुमी सोडतो म्हणता. तुमाला लई तरास पडतो, म्हणून औंदा म्याच सोडते." तिने पदराची गाठ सोडून वाळकी पिसे भिंतीवर ठेवली.

त्यांनी पिसांना हात लावला नाही. "वरून हुकूम होता. माझ्या हातात काय होतं?"

"तुमच्या हातात न्हवतं, म्हणून तर माज्या हातात घेतलं."

"शिपायाला बोलावतो. पाठीवर कोरडा बसला की जीभ सरळ होईल."

"बोलवा की. येताना त्याला म्हणावं, फुंकर तूच घाल."

दारातला शिपाई मिशीत हसला आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला. राघवेंद्ररावांनी डालग्यातले एक गडद पिल्लू स्वतःच उचलून टोपलीत टाकले. सारजाबाईने मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या. झुंजीच्या वक्ताला अंडं घालंल, पाव्हण्यांची न्याहारी हुईल."

राघवेंद्रराव पिल्लाकडे पाहत राहिले. सूर्य कलत होता. पाहुण्यांपुढे मादी निघाली तर जाब त्यांनाच द्यावा लागणार होता. त्यांनी ते पिल्लू काढून तिच्या हातात दिले आणि पायरीवर जाऊन बसले. तिने फुंकर घातली, पिसांची फिकट टोके त्यांच्यासमोर धरली आणि मग मूठ भिंतीपलीकडे उघडली. डालगे रिकामे होईपर्यंत तेच चालले.

त्या दिवशी भाकरी मिळाली नाही. आठवडा उलटायच्या आत तिच्या नवऱ्याची जाळी जप्त होऊन चावडीत जमा झाली, आणि तो हिवाळा त्यांनी तामलवाडीकडे ज्वारी राखून काढला.

पण भादव्यात पुन्हा बोलावणे आले. पिल्ले ओळखणारे दुसरे कोणी सापडले नव्हते. सारजाबाईने निरोप्याला विचारले, "जाळी?"

"परत देतो म्हणालेत."

"आन् माद्या?"

निरोप्या पाठ फिरवून वाटेला लागला. ती गेली. तटाच्या भिंतीवर, तिच्या जागी, कोणीतरी घोंगडी अंथरून ठेवली होती. तिने ती गुंडाळून बाजूला सारली, दगडावर बसली आणि पहिले पिल्लू उताणे केले.