आधी व्हर्जन सांग

उजव्या हाताचा पंजा समोर उभा धरायचा, चौकातला ट्रॅफिक हवालदार धरतो तसा, आणि म्हणायचं, "थांब. आधी व्हर्जन सांग."

अक्कांशी कुठलंही बोलणं इथूनच सुरू व्हायचं. अ‍ॅप उघडत नाही म्हणा, स्क्रीन पांढरी पडते म्हणा, नाहीतर ऑफिसला आग लागली म्हणा, पंजा वर. फोनची सिस्टिम कोणत्या व्हर्जनची आणि अ‍ॅप ज्या टूलने बनवलं ते टूल कोणत्या व्हर्जनचं, हे कळल्याशिवाय त्या तुमच्या दुःखात सामील होत नसत. पुढे ही सवय फोनपुरती राहिली नाही. अमक्याचं लग्न मोडलं असं कुणी सांगितलं, की अक्का विचारायच्या, "हे कालचं व्हर्जन का आजचं? काल तर जमलं म्हणून राहिले होते." चहाचा कप पुढे आला तरी आधी वास घ्यायच्या. "सकाळचंच व्हर्जन गरम करून आणलं न्हाई ना?" चहावाला शेवटी शेवटी जिन्यातूनच ओरडत यायचा, "नवं व्हर्जन हाय, अक्का!"

आमचं ऑफिस लातुरात, एका बियाण्याच्या दुकानाच्या वर. शेजारी डाळमिल, त्यामुळे कीबोर्ड रोज पुसला तरी त्यावर पिवळी भुकटी बसायचीच. आम्ही पाचसहा जण मोबाइलची अ‍ॅप बनवायचो. मी रेणापूरहून मोटारसायकलवर यायचो आणि कोड लिहायचो. अक्का ते अ‍ॅप वेगवेगळ्या फोनवर घालून त्याच्या चुका काढायच्या, म्हणजे टेस्टिंग करायच्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, माहेर भोकरचं. शिकलेल्या कॉम्प्युटरच, पण मुलं लहान असताना काही वर्षं घरी बसल्या. परत नोकरीला लागल्या तेव्हा, "साऱ्या जगाचं व्हर्जन पुढं गेलं होतं अन् माझंच मागं राहिलं होतं," असं त्याच हसत सांगायच्या. हसायच्या खऱ्या, पण जुन्या फोनला कुणी डबडं म्हणालं की त्यांना ते आवडत नसे.

त्यांच्या टेबलावर स्टीलचं एक भलं मोठं ताट असायचं. त्यात टेस्टिंगचे फोन, आणि प्रत्येकाला नाव. उठायला वेळ लावणारा आणि उठला की तापणारा सगळ्यात जुना फोन म्हणजे सासरेबुवा. दर मिनिटाला काहीतरी सांगत सुटणारा फोन नणंदबाई. सगळ्यात नवा, महागडा आणि जरा काही झालं की रुसणारा जावईबापू. एकदा पुण्याच्या एका ग्राहकाबरोबर फोनवर मीटिंग चालली होती. मागून अक्कांचा आवाज आला, "सासरेबुवा परत कोसळले रे! आता चार्जिंगला लावलेत." मग त्या गृहस्थांनी दबक्या आवाजात विचारलं, "कोणत्या हॉस्पिटलात आहेत?"

या ताटातला कुठलाही फोन अपडेट करायचा नाही, हा ऑफिसचा कायदा होता. "आपल्या लातूर-नांदेडात माणसं कसे फोन वापरून राहिलीत ते ह्या ताटात दिसलं पायजे," अक्का म्हणायच्या. "नवेच ठेवायचे तर मग दुकानात जाऊन बसा की."

आणि हा कायदा मोडला कुणी, तर खुद्द आमच्या मालकांनी. तोही अगदी भक्तिभावाने.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा असायची. कॉम्प्युटर पुसायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. अक्का धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दोन दिवस आधीच भोकरला गेल्या होत्या. मालक पूजा करत करत त्या ताटापाशी आले. बघतात तर प्रत्येक फोनवर 'अपडेट करा' अशी सूचना लोंबकळतेय. सणाच्या दिवशी त्यांना ते बरं वाटलं नाही. त्यांनी बसून एकेक फोन अपडेट केला. सासरेबुवा इतके जुने की अपडेट घेईनात. मग मालक संध्याकाळी त्यांना मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले आणि नवा कोरा फोन आणून ताटात ठेवला. वर फूल.

सुट्टी संपवून अक्का आल्या. ताटाकडे बघितलं.

"सासरेबुवा कुठंयत?"

मालक खुशीत म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये दिले!"

अक्का खुर्चीत बसल्या. "सासऱ्याला एक्स्चेंजमध्ये दिलं?" मग एकेक फोन उचलून सेटिंग बघत गेल्या. "समदेच जवान झाले की. आता म्हातारपणाचं कुणाला विचारू मी?"

आम्ही पोट धरून हसलो. मालकही हसले. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

त्या वेळी आमच्या हातात एका कोचिंग क्लासचं काम होतं. क्लास नांदेडचा, मुलं गावोगावची, होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशाची तयारी करणारी. आईबापांना गावात बसून दिसावं की पोरगं आज क्लासला हजर आहे का, परीक्षेत किती गुण पडले, यासाठी ते अ‍ॅप. फोन सगळे नवे झालेच आहेत म्हणून मालकांच्या सांगण्यावरून मी अ‍ॅप बनवायचं टूलही नव्या व्हर्जनवर नेलं. ताटातल्या सगळ्या फोनवर अ‍ॅप सुरेख चाललं. रविवारी नांदेडला पालकांचा मेळावा, तिथेच ते सुरू करायचं ठरलं.

"जुन्या फोनवर बघितलंस का?" अक्कांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर जुन्या व्हर्जनचा खोटा फोन तयार करून बघितलं, अक्का. चालतंय."

"खोट्या फोनला घाम येत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलली. शुक्रवारी आम्हा दोघांना हॉल बघायला नांदेडला जायचंच होतं.

आता एसटीतला तो प्रवास तुम्ही माझ्या जागी बसून बघा. गाडी लातूर सोडते न सोडते तोच अक्का मागच्या सीटवर वळल्या. "काका, तुमचा फोन कोणत्या व्हर्जनचा हाय?" काकांनी फोन खिशात आणखी खोल ढकलला. पुढच्या सीटवरच्या बाईने पिशवी मांडीवर घेतली. अक्का उठून एकेका सीटपाशी जायला लागल्या, तसा कंडक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई तुमच्याबरोबरच्या हायत का? लोक घाबरून राहिलेत. आजकाल फोनवरून लई फसवाफसवी चालू हाय."

"आमच्या ऑफिसच्या आहेत," मी म्हणालो.

"ते समदे असंच सांगत्यात," कंडक्टर म्हणाला. तेवढ्यात अक्का आल्या आणि त्यालाच म्हणाल्या, "दादा, तुमचा दाखवा बरं." त्याचा फोन नवा निघाला. अक्कांनी तोंड वाकडं करून परत दिला. आपल्या नव्या फोनचा कुणी असा अपमान करेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. नांदेडपर्यंत तो घुश्शातच होता.

अहमदपूरला एक मावशी चढल्या. हातात कापडात बांधलेला डबा. अक्कांच्या शेजारी बसल्या आणि पोलक्यातून फोन काढला. काच फुटलेली, वर चिकटपट्टी, मागचं झाकण रबराने बांधलेलं. अक्कांचा चेहरा असा फुलला की जणू सासरेबुवाच परत आले.

मावशींची मुलगी नेमकी आमच्याच क्लासला होती. नांदेडात नातेवाइकांकडे उतरून रविवारच्या मेळाव्यात तिला भेटायला निघाल्या होत्या. हे कळल्यावर गाडीत जरा विश्वास आला. अक्कांनी त्या फोनवर अ‍ॅप घातलं. उघडलं. पांढरी स्क्रीन. बंद. परत उघडलं, परत बंद.

"पडलं! पडलं बंद!" अक्का टाळी वाजवून ओरडल्या. मागचे काका उभे राहिले. मावशी रडकुंडीला आल्या. "माझा फोन बिघडवला वो ह्या बाईनं!"

"न्हाई मावशी, तुमचा फोन बेस हाय. आमचंच बिघडलेलं हाय," अक्का म्हणाल्या.

कारण पाच मिनिटांत सापडलं. फोनमध्ये एक छोटा भाग असतो, अ‍ॅपमधली पानं दाखवणारा. तो अधूनमधून आपोआप अपडेट होतो, पण त्याला जागा लागते. मावशींच्या फोनमध्ये जागा नव्हती. त्यांचा भाऊ रोज पहाटे फुलांचं चित्र पाठवायचा, 'शुभ सकाळ'. फोन गळ्यापर्यंत गुलाबांनी भरला होता. आमच्या नव्या टूलला तो भाग नवा हवा, आणि मावशींकडे तो कैक वर्षांपूर्वीचा.

"फुलं पुसून टाकू," मी म्हणालो. "लगेच चालेल."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांची पुसशील. मेळाव्यात येणाऱ्या समद्यांची पुसायला तू घरोघर जाणार का? अन् भावानं पाठवलेली फुलं हायत ती."

तपासायला तो फोन आम्हाला दोन दिवसांसाठी हवा होता. मावशी देईनात. "सांजच्याला पोरीचा फोन येतो ह्याच्यावर." मग अक्कांनी आपला चांगला फोन काढला, त्यात मावशींचं सिम घातलं आणि तो त्यांच्या हातात ठेवला. ओळख अर्ध्या तासाची. मावशींनी तो नवा फोन दोन्ही हातांनी असा धरला होता जणू कुणीतरी तान्हं मूल क्षणभर सांभाळायला दिलंय.

शनिवारी आम्ही ऑफिसात बसलो. मी टूलमधला तो पानं दाखवणारा तुकडा जुन्या व्हर्जनवर आणला, तर त्याच्यावर अवलंबून असलेले दुसरे दोन तुकडे रुसले. त्यांना मागे आणलं तर जावईबापू बंद पडले. "पांघरूण आखूड हाय," अक्का म्हणाल्या, "पण सगळे झाकायचे. कुणी उघडं राह्यला न्हाई पायजे." मधूनमधून मावशी ऑफिसच्या नंबरवर फोन करायच्या. "वो ताई, तुमचा फोन माझ्याशी बोलायलाय. 'मी काय मदत करू' म्हणतोय. काय सांगू त्येला?"

"काही नको म्हणा."

"म्हणलं. तर 'मला समजलं नाही' म्हणतोय. वाईट वाटलं असंल का त्येला?"

दुपार कलता कलता जुनं टूल आणि नवे फोन यांची कशीबशी दिलजमाई झाली. जावईबापू उघडले, नणंदबाई उघडल्या, आणि मावशींच्या फोनवर, बराच वेळ विचार करून, अ‍ॅप उघडलं. अक्कांनी फोनवरून हात फिरवला.

रविवारी हॉल भरला. स्टेजवर क्लासचे सर नव्या युगाबद्दल बोलत होते. आमचं लक्ष तिसऱ्या रांगेत. मावशी आपला फोन परत मिळाल्याच्या आनंदात होत्या, शेजारी त्यांची मुलगी. अक्का त्यांच्या मागे वाकून उभ्या. सरांनी 'उघडा' म्हटल्यावर मावशींनी बोट ठेवलं. जुना फोन, मुलीचा फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी यायला लागला. आधी भांग, मग कपाळ, मग डोळे. खाली हिरव्या अक्षरांत 'हजर'.

मावशी बघत राहिल्या. मग एकदम डोळ्याला पदर लावला. "वाळली की वो माझी पोरगी!"

"कुठं वाळली आई? इथंच तर हाय मी," मुलगी म्हणाली.

मावशी ऐकेनात. "ह्यात बघ की. गाल बसलेत."

अक्कांनी फोन जवळ घेतला, डोळे बारीक केले, आणि भरल्या सभेत तिथूनच मला ओरडून सांगितलं, "अरे, फोटो दबलाय! रुंदी चुकलीय तुझी. पोरगी बेस हाय, तुझ्या अ‍ॅपनं वाळवली तिला!"

अख्खा हॉल हसला. सरही हसले. मावशींना मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. तिथेच डबा सोडून त्यांनी मुलीला धपाटे खायला लावले, सरांचं भाषण चालू असतानाच. एक अक्कांना दिला, एक मला.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांच्या यजमानांची बँकेतून नांदेडला बदली झाली. अक्कांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी मालकांनी भाषण केलं आणि त्या पूजेबद्दल सगळ्यांसमोर माफी मागितली. अक्कांना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "जिलेबी गार होऊन राहिली."

आता त्यांच्या जागी दुसरी मुलगी आहे. हुशार आहे, पटापट काम करते. ऑफिस शांत असतं. कुणी कुणाला काही विचारत नाही. अ‍ॅप पडलं तर ती मेल पाठवते.

अक्का जायच्या दिवशी मी त्यांच्या घरी सामान चढवायला गेलो होतो. कपाट, गाद्या, मुलांची सायकल, सगळं टेम्पोत बांधून झालं. यजमान आणि मुलं बसने पुढे गेली होती. अक्का ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, मांडीवर कढीपत्त्याच्या रोपाची कुंडी. मागे ठेवली तर पानं झडतात म्हणाल्या.

"बाई, काच वर घेऊ का?" ड्रायव्हरने विचारलं. "वारं लागंल त्येला."

"राहू द्या," अक्का म्हणाल्या. "त्याला बी बघू द्या रस्ता."

टेम्पो हलला. कोपऱ्यावर वळेपर्यंत सामानाआड मला त्या दिसत नव्हत्या. खिडकीबाहेर आलेली हिरवी फांदी तेवढी वाऱ्यावर हलत होती.