वाया गेलेल्या सुताचं मखर

कुसुमताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते यंत्रमागांच्या नारपोलीतल्या आमच्या चाळीत, कचऱ्याच्या पेटीपाशी. लग्न होऊन मला महिनाच झाला होता. मी टाकलेलं चहाचं खोकं त्यांनी माझ्यादेखत उचललं, आतला चंदेरी कागद नखाने अलगद सोडवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, हे गणपतीच्या मखराला लागतं." मी ओशाळले आणि त्याच दिवशी त्यांची शिष्या झाले.

ताई बालवाडीच्या शिक्षिका. जुन्या लग्नपत्रिका, फुटक्या बांगड्या, सुताच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या, सगळं त्यांच्या पलंगाखाली नीट बांधून ठेवलेलं असे. चाळीच्या गणपतीचं मखर मात्र वर्षानुवर्षं चाळीतले जुने रहिवासी दामूकाका आणि इतर पुरुषमंडळीच करत. एक वर्ष ते बायकांकडे द्यावं, असं ताईंनी बैठकीत मांडलं. काका म्हणाले, "करा. पन मोडला, तर परत मागायचा न्हाय."

तीन आठवडे आम्ही राबलो. खळ शिजवायचं काम माझ्याकडे होतं. उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घाल, असं ताईंनी मला दोनदा बजावलं होतं. मी विसरले. चतुर्थीच्या आदल्या सकाळी पाहतो तर उंदरांनी सगळे सांधे कुरतडलेले आणि चारही खांब आडवे.

काका दारातच उभे होते. "खळ कुनी केली?" मी ताईंच्या मागे सरकले.

"मी," ताई शांतपणे म्हणाल्या. "मोरचूद राहिलं माझ्याकडून." मग आमच्याकडे वळल्या. "घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरताना धागा तुटला, तर काय करता? गाठच मारता ना? मग बसा मारायला."

मागावरचं वाया गेलेलं रंगीत सूत घरोघरी पडून होतं. ते आणून आम्ही खांब गुंडाळले, सांधा न् सांधा बांधला, कमानीला चंदेरी कागदाची पानं ओवली. संध्याकाळी मखर उभं राहिलं. खारबावहून आलेले पाहुणे विचारू लागले, हे कापड कुठून आणलं? आम्हाला आभाळ ठेंगणं झालं. विसर्जनानंतर काका स्वतः ताईंकडे आले. "बाय, पुढल्या सालाला मना बी बोलवा. गाठी मारीन मी." तेव्हापासून मखर बायकांचंच आहे आणि काका आमच्या हाताखाली आहेत.

आज ताईंची साठी. "मोरचूदवाल्या बाई" म्हणून काका अजून त्यांची चेष्टा करतात आणि त्या नुसत्या हसतात. इतकी वर्षं मी गप्प बसले, याची मला लाज वाटते. म्हणून सर्वांसमक्ष लिहून देते : मोरचूद मी विसरले होते. ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि तुमची बोटं अशीच चालती राहोत. यंदाचं चहाचं खोकं मी जपून ठेवलं आहे. चंदेरी कागद तुम्हीच येऊन सोडवायचा आहे.