उजवी कूस

"मला पाठ दाखवा, तोंडाशी मला काय करायचंय?" खाटेपाशी गेली की आयाबाई हेच म्हणायची. आजारी माणूस कण्हता कण्हता हसायचा, घरातले हसायचे. तिच्या दिराने तर तिचं नाव उलथणं ठेवलं होतं. उलथणं निघालं बघा, आज कुणाची दुसरी बाजू भाजायची राहिलीय, असं तो दारातून ओरडायचा. तीही जाता जाता सुनवायची की भावजी, तुमची पाळी येईल तेव्हा करपवूनच काढीन.

सगळ्यांना ती थट्टा वाटायची. खरं तर खाटेवरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायची आयाबाईला भीती वाटायची. ही भीती तिने कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याला तर जाऊनही खूप वर्षं झाली होती.

जन्मभर ती इस्पितळात आया होती. नोकरी संपली तरी हात थांबले नाहीत. आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी अंथरुणाला खिळलं, की ती रोज त्या घरी जायची. मंडळीतलं नसलं तरी जायची. चादरीची सुरकुती हाताने ताणून काढायची, पाठ कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची, घोट्यांमध्ये उशी द्यायची आणि कूस बदलायची. एका कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची कातडी आधी लाल होते, मग फुटते. आयाबाईच्या हाताखालच्या माणसाची पाठ कधी फुटली नाही. हे मी अभिमानाने लिहितो, कारण आमच्या गल्लीत दुसरी अशी बाई झाली नाही.

भीती आली होती ती लहानपणी, रविवारच्या शाळेतून. तिथल्या बाईंनी शेवटच्या न्यायाची गोष्ट सांगितली होती. प्रभू राजा होऊन सिंहासनावर बसेल, मेंढरं उजवीकडे करील आणि शेरडं डावीकडे. उजवीकडच्यांना म्हणेल, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही आलात; कुणाही आजाऱ्याकडे गेलात तेव्हा माझ्याकडेच आलात. डावीकडच्यांना म्हणेल, तुम्ही आला नाहीत, आणि त्यांना आगीत धाडील. बाकीच्या मुली गोष्ट ऐकून खेळायला पळाल्या. ही मात्र बाकावरच बसून राहिली. खाटेवर जो कुणी पडलाय तो तोच असणार, आणि तो बघत असणार, एवढंच तिच्या मनात रुतलं, ते पुन्हा निघालं नाही.

म्हणून ती जायची, पण तोंड बघायची नाही. आणि कूस बदलताना पहिली वळवायची ती उजवी. जास्त वेळ ठेवायची तेही उजवीवरच. माणूस माझ्या हातून तरी शेरडांच्या बाजूला जायला नको, असं तिला वाटायचं. इस्पितळात कुणी विचारलं नाही, घरांमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग टेलरमास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची लेक औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या बाटल्या भरायला जायची. घरात दुसरं कुणी नव्हतं. आयाबाई रोज सकाळी तिथे जायला लागली. उजव्या कुशीवर वळवायचं, अंगाखाली आलेल्या लुळ्या हाताच्या काखेत हात घालायचा, तो पुढे ओढायचा. मास्तरांच्या घशातून एक आवाज यायचा. वाचा गेलेली माणसं असा आवाज करतातच, हे तिला माहीत होतं. ती पाठ पुसत राहायची आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची.

मास्तरांना ताप भरला म्हणून लेकीने एकदा डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी उजव्या खांद्याला बोट लावलं आणि मास्तरांचा चेहरा असा पिळवटला की लेक घाबरून मागे सरली. खांदा सांध्यातून उतरला होता. आजचा नव्हे, बरेच दिवस उतरलेला. लुळा हात कुणी तरी रोज ओढतंय, असं डॉक्टर म्हणाले, आणि पट्टी बांधून गेले.

दुसऱ्या दिवशी लेकीने आयाबाईला दारातच गाठलं. ती भांडली नाही. फक्त एक विचारलं.

"आयाबाई, त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं का हो?"

आयाबाई उंबऱ्यावरूनच परत फिरली. घरी येऊन चुलीपुढे बसली, चूल पेटवलीच नाही. दीर थट्टा करायला आला आणि तिच्याकडे बघून तसाच परत गेला.

त्यानंतर ती कुठेच जाईना. रस्त्यात कुणी हाक मारली तरी दचकायची. खिडकीचं दार वाऱ्याने आपटलं तरी उठून उभी राहायची, कुणी तरी न्यायला आल्यासारखी. शेवटी पाळकसाहेब तिच्या घरी आले. तरुण माणूस, मऊ बोलणारा. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची देणगी आहे, असं त्यांनी समजावलं. कृत्यांनी ते कुणी मिळवत नाही, विश्वासाने घ्यायचं असतं. रिकाम्या हातांनी गेलं तरी तो परत पाठवत नाही.

"हात रिकामे असते तर बरं होतं, साहेब," आयाबाई म्हणाली. "या हातांनी मी त्याचाच खांदा काढलाय. तो म्हणणार, मी आजारी होतो, तू रोज आलीस आणि रोज मला मोडलंस. एकदा वर बघितलं नाहीस."

पाळकसाहेब म्हणाले की त्याच्यावर तुमचा विश्वास आहे ना, तो धरून राहा.

"विश्वास कुठला? मी नुसती कापत आले जन्मभर. भुतंसुद्धा कापतात म्हणे त्याच्यापुढे. मग मी वेगळी कशी?"

पाळकसाहेबांनी टोपी हातात घेतली. "भुतं कुणाची पाठ पुसायला जात नाहीत," ते म्हणाले. मग खाली मान घालून त्यांनी सांगितलं की मास्तरांच्या कमरेवर लाल झालंय. लेक कामावर जाते, दिवसभर ते उताणेच पडलेले असतात.

आयाबाईने फक्त एकच विचारलं, लाल की काळं. लाल, असं ऐकल्यावर ती उठली.

गेली तेव्हा लेक वाटीत पेज घेऊन बसली होती. आयाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. तिथून पुढे जायला तिला किती वेळ लागला ते लेकीने मला नंतर सांगितलं, पण तसं ते शब्दांत सांगता येत नाही. घामाने तिच्या पाठीला लुगडं चिकटलं होतं. मग ती उशाशी आली आणि तिने वर बघितलं.

तिथे सिंहासन नव्हतं. दाढीचे खुंट वाढलेला, पिवळा पडलेला, रागावलेला एक म्हातारा होता.

मास्तर हो म्हणायला डोळे एकदा मिटायचे. हे घरात येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, तिच्याशिवाय.

"दुखत होतं?" तिने विचारलं. डोळे मिटले, उघडले.

"रोज?" मिटले.

"माझ्यावर राग आहे?" मिटले, आणि कोपऱ्यातून पाणी आलं. ते तिने पुसलं. नजर मात्र तिने काढून घेतली नाही.

"कुठल्या कुशीवर घेऊ, मास्तर?"

मास्तरांची नजर डावीकडे वळली. शेरडांची बाजू. जन्मात तिने कुणाला आधी त्या बाजूला वळवलं नव्हतं. तरी तिने त्यांचा गुडघा दुमडला, लुळा हात न ओढता उचलून उशीवर ठेवला, मग आपला एक हात पाठीच्या फऱ्याला लावला, दुसरा कमरेला. पूर्ण वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत तिने त्यांना डाव्या कुशीवर घेतलं. घशातून आवाज आला नाही.

मग तिने पाठ पुसली, लाल जागेवर पावडर लावली. निघताना पुन्हा उशाशी येऊन वाकली.

"उद्या येऊ?"

मास्तर तिच्याकडे टक लावून बघत राहिले. इतका वेळ, की लेकीने वाटी खाली ठेवली. आयाबाई हलली नाही. मग मास्तरांचे डोळे एकदा मिटले.

पलीकडच्या गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या परिचारिकेचं घर होतं. आयाबाईचं जाणं थांबल्यापासून तिचीही कूस कुणी बदलली नव्हती. आयाबाई तिकडे निघाली. भिंतीच्या कडेने, एक हात भिंतीला लावत, घाबरलेलं माणूस चालतं तशी. लेक दारात उभी राहून बघत होती. डाव्या कुशीवर वळल्यामुळे मास्तरांनाही आता खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि तेही बघत होते, ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत.