मोठेबाबांची रायफल माझ्या नावावर

जुनी रायफल घरात असण्याचे फायदे मला पाठ आहेत. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मोठेबाबांनी, ते मला चहा पिता पिता शिकवले. तिला बॅटरी लागत नाही. दस्ता लाकडाचा आहे, प्लास्टिकचा नाही. आणि ती इतकी जड आहे की चोरणारा धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, पोचायच्या आतच दमेल.

"आणि रानडुकरं?" मी विचारलं.

"ते तं हायेच," ते म्हणाले, जणू तो किरकोळ मुद्दा होता.

ही रायफल कधीकाळी सैन्यात होती. तिथून बाद झाल्यावर आजोबांनी ती घेतली, नळी बदलून परवान्यात बसेल अशी करून घेतली आणि भातकुलीजवळच्या आमच्या शेतात पीक राखायच्या कामावर रुजू केली. तिने एखादं डुक्कर मारल्याचं कोणालाच आठवत नाही. मारायला वनखात्याची परवानगी लागते, ती मोठेबाबांनी कधी मागितलीच नाही. संध्याकाळी ते रायफल खांद्याला लावून तुरीतून फेरी मारतात, बोल्ट मागे-पुढे करतात, खटक असा आवाज होतो आणि डुकरं शेजारच्या शेतात जातात. त्यामुळे रायफलीबद्दल शेजाऱ्यांचं मत आमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मोठेबाबा रायफल जुन्या चादरीत गुंडाळून नेऊन देतात आणि निकाल लागेपर्यंत ओसरीवर बसून राहतात. शेतात जात नाहीत. "हात हालवत जाऊ काय?" असं उलट विचारतात.

"मी माहेरी गेली तवा काही असं तोंड नव्हतं तुमचं," मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, म्हणते.

"तू आपल्या मनानं वापस येते. तिले आना लागते."

मग मोठेबाबांचा हात कापायला लागला. डोळ्यांचंही काही खरं नव्हतं. परवान्याच्या नूतनीकरणाला गेले, तेव्हा साहेबांनी नीट समजावून सांगितलं: वारसाच्या नावावर करा, नाहीतर रायफल जमा करा. पुण्यातल्या त्यांच्या मुलाने फोनवरच सांगून टाकलं, "बाबा, देऊन टाका ती." म्हणजे मोठेबाबांसाठी आता कायमची निवडणूक लागली होती. दोन दिवस ते शेताकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी अमरावतीला आमच्या घरी येऊन माझ्याकडे बघत बसले.

"ही?" सोबत आलेली मोठीआई म्हणाली. "हे तं ऑटोवाल्याले थांब म्हनत नाही. डुकरावर काय वरडन?"

"कॉन्व्हेंटची पोरगी हाये. साहेबासंग इंग्रजीत बोलन."

मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही. आमच्या घरात एवढं पुरतं.

हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घ्यायला मी अकोल्याला गेले. पहिल्याच गोळीला दस्त्याने खांदा असा ठोकला की आठवडाभर निळा वळ होता. आईला तो डाग रायफलीपेक्षा भयंकर वाटला. "आता बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. पुढे एक स्थळ आलं, तेव्हा मोठेबाबांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. पाहुण्यांनी मला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही. हा फायदा मात्र मोठेबाबांच्या ध्यानात आला नव्हता.

परवान्याच्या मुलाखतीला ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, बंदूक कशासाठी पाहिजे तुम्हाला?"

मी पाठ केलेलं सगळं विसरले. बॅटरी, दस्ता, वजन, काहीच आठवेना. इंग्रजीही आठवेना.

"साहेब, तिची नळी अजून..." मोठेबाबांनी सुरुवात केली.

"काका, तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या."

"शेतात डुकरं येतात," मी म्हणाले. आवाज माझ्या स्वतःच्याच कानांना नवा होता. "आणि ही जमा झाली, तर हे शेतात जाणं सोडतील. निवडणुकीत सोडतातच. मग घरात कोणालाच चैन पडत नाही."

साहेबांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबा खिडकीकडे पाहत होते.

"चालवता येते?"

"येते. आवडत नाही."

"हे बरं आहे," साहेब म्हणाले.

परवाना झाला. मोठीआईने पेढे वाटले, शेजाऱ्यांनाही. त्यांनी ते जरा जपूनच खाल्ले. आणि घरी आल्यावर माझ्या बाबांनी कायदा सांगितला: रायफल आता मोठेबाबांना एकट्याने बाहेर काढता येणार नाही. परवाना जिचा, तिच्याच खांद्यावर. रायफलीच्या कपाटाची चावीही तिच्याकडेच.

"म्हनजे मी का फक्त पाहू?" मोठेबाबा म्हणाले.

"सोबत जा," बाबा म्हणाले.

आता दर शनिवारी मी भातकुलीची एसटी पकडते. संध्याकाळी तुरीतून मी पुढे चालते, मोठेबाबा मागून. "नळी खाली कर वं," ते म्हणतात. "आता बोल्ट वढ. असा नाही, जोरानं." मी ओढते. खटक होतं. त्यांचं समाधान होत नाही, मग पुन्हा ओढायला लावतात.

मधल्या दिवसांत ते शेतात जातात की नाही, हे मी मोठीआईला फोनवर विचारते. "जातात," ती म्हणते. "पऱ्हाटीचा कापूस पाहाले जातात म्हनते. शनिवारी तुले कोन्या वाटेनं न्यायचं ते ठरवून येतात."

शनिवारी फाट्यावर एसटी थांबते तेव्हा ते आधीच उभे असतात. माझ्या हातातली पिशवी घेतात, ती जड असली तरी परत देत नाहीत, आणि माझी तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "चावी आनली न वं?"