सोडून दिलेली ओळ

स्क्रीनवरची लाल अक्षरं गेली आणि मला भीती वाटू लागली. रक्ततपासणीच्या यंत्राकडून आलेली टेक्स्ट फाइल माझा जावा प्रोग्राम ओळीओळीनं वाचतो. एका ओळीत आकडाच नव्हता. त्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', आलं आणि प्रोग्राम कोसळला. मग मी प्रोग्राममध्ये लिहिलं, नल आलं तर ती ओळ सोडून दे.

"गेली ना एरर? चला मग चहाला," शेजारच्या टेबलावरून कुलकर्णी मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या ओळीत कुणाचं तरी नाव आहे हो."

आई फोनवर गप्प राहिली, की ती बरी आहे असं धरून मी पुढचं बोलू लागतो. तीच सवय इथे आली.

मी ती सूचना पुसली. प्रोग्राम चालवला, तशी लाल अक्षरं परत आली. प्रयोगशाळेला फोन लावला. तो वाजत राहिला, आणि फाइलमधल्या त्या नावावरचं बोट मला काढवेना.