आप्पांनी आखलेला रस्ता

आप्पा शेजारच्या सीटवर बसले तरी ब्रेक मारायचे. आम्ही राहतो त्या शॅननहून लिमरिकला जाताना प्रत्येक राउंडअबाउटच्या गोल चौकात त्यांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी दाबला जायचा आणि हेमंत, माझा नवरा, हसायचा. आप्पा माझे सासरे. चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, त्यातली बहुतेक कुंभार्ली घाटात. सासूबाई गेल्यावर हेमंतने त्यांना तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आणलं.

पहिले पंधरा दिवस ते नुसते खिडकीशी बसून होते. त्या उन्हाळ्यात उत्तर कॅनडात कॅम्पर घेऊन फिरायचं हेमंतच्या मनात होतं. तीन आठवडे चाकांवरच्या घरात, कोसन् कोस वस्ती नसलेल्या जंगलातून. एका रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आप्पा उठून आले, चष्मा लावला आणि म्हणाले, "या पंपानंतर दुसरा पंप कुठं हाय?"

"चारशे किलोमीटरवर."

"मग हितं निम्मी असली तरी टाकी भरायची."

त्या दिवसापासून नकाशा टेबलावरून उचललाच गेला नाही. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायचो. मुक्काम कुठे, पाणी कुठे भरायचं, खडीच्या रस्त्यावर वेग किती, सगळं आप्पा पेन्सिलीने लिहीत. ईरा, आमची नऊ वर्षांची लेक, त्यांना गावांची नावं वाचून दाखवायची. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आजोबा, देअर आर बेअर्स!" ती म्हणाली, तर आप्पा म्हणाले, "असू देत अस्वलं. आपुन त्यांच्या घरी चाललोय." सासूबाई गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या 'आपुन'मध्ये त्यांनी स्वतःलाही धरलंय, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांना शुगर होती, इन्सुलिन चालू होतं. आणि खरं सांगायचं तर मला सुट्टी हवी होती. हेमंतशी न बोलताच एका सकाळी, चहा टाकताना, त्यांच्याकडे पाठ करून मी म्हणाले, "आप्पा, तिथे दवाखाना नाही. तुम्हाला काही झालं तर आमची ट्रिप..."

पुढचं मला बोलवेना. पण तेवढ्याने काम झालं होतं. पाठीमागे त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "व्हय की. बरोबर हाय तुझं, पोरी."

संध्याकाळी हेमंत त्यांच्या कॅनडाच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसला; ऑगस्टमध्ये त्यांना गावाहून थेट तिकडे बोलवायचं त्याच्या मनात होतं. आप्पा म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. मला थंडी सोसायची न्हाई." हेमंतने परोपरीने विनवलं. ते हसून नाही म्हणत राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र मला घरासमोर ड्राइव्हवेत बोलावलं. आमच्या गाडीचं चाक माझ्याकडून दोनदा काढून घेतलं, दोनदा बसवून घेतलं. "नट समोरासमोरचे आवळ. एका अंगानं आवळलंस तर चाक तिरपं बसतं." माझे हात काळे झाले तेव्हा फडकं त्यांनीच पुढे केलं. राग नाही, टोमणा नाही. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जूनमध्ये ते गावी परतले. ऑगस्टमध्ये आम्ही गेलो, त्यांच्या पेन्सिलीच्या रेघेवरून. कुठेही अडलो नाही. चार दिवस फोनला रेंज नव्हती. पाचव्या दिवशी एका पंपावर फोन जागा झाला आणि हेमंतच्या चुलतभावाचे मेसेज एकामागोमाग एक आले. आप्पा तीन दिवसांपूर्वी झोपेतच गेले होते. अग्नी त्या भावानेच दिला होता. हेमंत कॅम्परच्या पायरीवर बसून राहिला, ईरा त्याला बिलगून. त्याच्या जवळ जायचा मला धीर झाला नाही.

तेव्हापासून हेमंतचं एकच म्हणणं. "आप्पांनाच यायचं नव्हतं गं. आले असते तर शेवटी आपल्याजवळ असते." घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगतो आणि मी आत चहा गाळत उभी असते.

आता वर्ष झालं. आप्पांनी माझं नाव घेतलं नाही, तो त्यांचा मोठेपणा. त्याच्या आड आणखी लपून राहणं मला जमत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं. हेमंत सहाला ऑफिसातून येईल. हे कागद मी टेबलावर ठेवले आहेत.